लेथवरील अचूक छिद्र

पुण्यातील स्वारगेटचे नाव निघताच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गाड्यांची वर्दळ उभी राहते. एस.टी.च्या गाड्या येथून निरनिराळ्या दिशांना सुटतात, शहर बससेवेचे मुख्यालय येथेच शंकरशेट रस्त्यावर आहे आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रोही येथवर आली आहे. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर धावली. पुणे शहराची स्वतःची परिवहन सेवा १९५० मध्ये सुरू झाली. पुढे २००७ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवड येथील सेवा एकत्र करण्यात येऊन आजचे महामंडळ अस्तित्वात आले. सार्वजनिक वाहतुकीचा एवढा इतिहास या एका चौकाभोवती गोळा झाला आहे. परंतु ही चाके फिरती राहण्यासाठी लागणारा एक अगदी लहान घटक प्रवाशांच्या दृष्टीस कधी पडत नाही. तो म्हणजे बुश.

पोलादी पिन आणि तिला सामावणारे घर यांच्यामध्ये बसविलेली गनमेटलची आखूड नळी म्हणजे बुश. पिन फिरते, बुश झिजतो. झिजला की काढून टाकून नवा बसवितात. पिन व घर ही महाग अंगे वाचावीत आणि त्यांच्याऐवजी स्वस्त नळीने झिजावे, अशी ही योजना आहे. पेडलांचे सांधे, दांड्यांची जोडणी, दरवाजाची यंत्रणा अशा अनेक ठिकाणी या ना त्या रूपात बुश असतो. गाडी डिझेलची असो, गॅसची असो वा विजेची. जेथे पिन हलते तेथे बुशाची गरज संपत नाही. मोठ्या संख्येने लागणारे बुश कारखान्यांतून तयार येतात. परंतु जुन्या गाडीचा, जुन्या यंत्राचा, किंवा एकच नग हवा असलेला बुश अखेर कोणा कातारीलाच लेथवर करून द्यावा लागतो. स्वारगेटहून जवळ असलेल्या गुलटेकडी व पर्वती येथील औद्योगिक वसाहतींतून अशी किरकोळ दिसणारी कामे करणाऱ्या लहान कार्यशाळा पाहावयास मिळतात.

कातारी हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये ज्याला इंग्रजीत टर्नर म्हणतात त्या व्यवसायाचे महाराष्ट्रातील अधिकृत नाव ‘कातारी’ असे आहे. फिटरला ‘जोडारी’ आणि वेल्डरला ‘संधाता’. यांपैकी ‘संधाता’ हा शब्द कागदावरच राहिला, हे मान्य केले पाहिजे. ‘कातारी’ मात्र भाषेत फार पूर्वीपासून आहे. लाकूड व हस्तिदंत फिरवून त्यास गोल आकार देणारा कारागीर तो कातारी. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांमागे हेच कसब आहे. धातूचे काम करणाऱ्या टर्नरला हे नाव देणाऱ्याने भाषेची चांगली जाण दाखविली, यात शंका नाही.

बारा मिलिमीटर म्हणजे किती?

समजा, एका जोडणीसाठी गनमेटलचा बुश करावयाचा आहे. बाहेरचा व्यास १८ मिलिमीटर, लांबी २५ मिलिमीटर आणि आतील छिद्र १२ मिलिमीटर. काम सांगणारा एवढेच सांगतो. कातारीपुढील खरा प्रश्न येथून सुरू होतो. कारण नेमके बारा मिलिमीटरचे छिद्र जगात कोणालाच पाडता येत नाही. बारापेक्षा किती कमी वा किती अधिक चालेल, हे आधी ठरवावे लागते.

यासाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर मर्यादा ठरलेल्या आहेत आणि भारतीय मानक आय.एस. ९१९ मध्ये त्या स्वीकारलेल्या आहेत. सर्वसाधारण चांगल्या कामासाठी छिद्राची जी श्रेणी वापरतात तिला ‘एच ७’ म्हणतात. बारा मिलिमीटरच्या छिद्रास या श्रेणीत १२.००० पासून १२.०१८ पर्यंत सूट आहे. मिलिमीटरच्या हजारात अठरा भाग म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण चौथा हिस्सा. त्यात फिरणारी पिन ‘एफ ७’ श्रेणीची घेतली तर ती ११.९६६ ते ११.९८४ मिलिमीटर असते. म्हणजे पिन आणि बुश यांच्यामध्ये कमीत कमी १६ व जास्तीत जास्त ५२ हजारांश मिलिमीटर मोकळी जागा राहते. या जागेत वंगणाचा पातळ थर टिकतो. जागा याहून कमी झाली तर वंगण आत शिरत नाही, पिन तापते आणि अडकते. जास्त झाली तर पिन खुळखुळू लागते.

खुळखुळण्याचा परिणाम साध्या हिशेबाने समजतो. पेडलपासून पुढे जाणाऱ्या दांड्यांच्या मालिकेत पाच सांधे आहेत आणि प्रत्येकात ०.१ मिलिमीटर जादा ढिलाई आहे, असे धरू. एकूण ढिलाई अर्धा मिलिमीटर झाली. पेडलच्या तरफेने ती पाचपट झाली तर चालकाच्या पायाखाली अडीच मिलिमीटर हालचाल नुसतीच वाया जाते. हे नव्या बुशांचे झाले. ढिला बसलेला बुश प्रत्येक धक्क्याला ठोके खात अधिक वेगाने झिजतो आणि अडीचाचे पाच व्हावयास फार दिवस लागत नाहीत.

कार्यशाळांमधून आजही ‘सूत’ आणि ‘थाऊ’ ही मापे बोलण्यात येतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३.१७५ मिलिमीटर, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिलिमीटर. ‘एक थाऊ इकडेतिकडे चालेल’ असे सहज म्हटले जाते. वरील बुशाची संपूर्ण सूट एका थाऊपेक्षाही कमी आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ते वाक्य किती महाग पडू शकते ते कळेल.

ड्रिल आपल्या मापाचे भोक पाडत नाही

बारा मिलिमीटरचे ड्रिल लावले म्हणजे बारा मिलिमीटरचे भोक पडेल, ही समजूत नवशिक्याची असते तशीच कधीकधी खरेदी करणाऱ्या कार्यालयाचीही असते. वस्तुस्थिती अशी की, ड्रिल बहुधा आपल्या मापाहून मोठे भोक पाडते. किती मोठे, ते धारेवर, यंत्रावर आणि धातूवर अवलंबून असते.

आज सर्वत्र वापरले जाणारे पिळाचे ड्रिल अमेरिकेतील स्टीफन मोर्स याने १८६० च्या दशकात प्रचारात आणले. त्याच्या टोकाला दोन तिरप्या धारा असतात. सर्वसाधारण ड्रिलमध्ये त्यांच्यातील कोन ११८ अंशांचा असतो. या दोन धारांच्या मधोमध एक छोटी आडवी कड असते. ही कड धातू कापत नाही, केवळ चिरडून बाजूला ढकलते. त्यामुळे सपाट पृष्ठभागावर टेकताच ड्रिल थोडे भटकते आणि जेथे मऊ वाट मिळेल तेथे रुतते. दोष दुसराही आहे. हाताने धार लावताना एक ओठ दुसऱ्याहून लांब राहिला, तर टोक ड्रिलच्या मध्यावर राहत नाही. टोक जेवढे सरकलेले, त्याच्या साधारण दुप्पट भोक मोठे होऊ शकते. दहा हजारांश मिलिमीटरची चूक डोळ्यांना दिसत नाही. तिची दुप्पट मात्र आपल्या सुटीहून मोठी आहे.

लेथवर यात एक फायदा मिळतो. ड्रिलिंग यंत्रात ड्रिल फिरते आणि जॉब स्थिर असतो. लेथमध्ये जॉब फिरतो आणि टेलस्टॉकमध्ये धरलेले ड्रिल स्थिर राहते. फिरणाऱ्या जॉबचा अक्ष ठरलेला असतो आणि ड्रिल त्या अक्षाकडे ओढले जाते. म्हणून खोल भोक लेथवर अधिक सरळ जाते. परंतु त्यासाठी टेलस्टॉक त्याच अक्षावर असावयास हवा. जुन्या लेथचा टेलस्टॉक वर्षानुवर्षे बेडवर घासून खाली बसलेला असतो किंवा निमुळते काम केल्यानंतर कोणी तो परत मध्यावर आणलेला नसतो. चकात डायल गेज धरून तो टेलस्टॉकच्या निमुळत्या भोकाभोवती फिरविला की दोष तत्काळ दिसतो. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. टेलस्टॉकच्या त्या निमुळत्या भोकात एखादी बारीक चीप राहिली तरी ड्रिल वाकडे बसते. म्हणून प्रत्येक वेळी ते फडक्याने पुसूनच हत्यार बसवावे, असा जुन्या कारागिरांचा दंडक आहे.

काम कसे करावे

बुशाचे काम शक्य तो एकाच पकडीत करावे. तीन जबड्यांच्या चकात जॉब एकदा सोडून पुन्हा धरला की तो पूर्वीच्याच मध्यावर येईल, याची खात्री नसते. म्हणून लांब दांडा धरून तोंड सपाट करणे, बाहेरचा व्यास घेणे व छिद्र करणे ही तिन्ही कामे त्याच पकडीत पुरी करून शेवटी बुश कापून काढावा. आतील व बाहेरील गोल एकमध्य राहण्याचा हाच खात्रीचा मार्ग होय.

तोंड सपाट करताना मध्यभागी टिकली राहू देऊ नये. ती राहिली तर पुढील हत्यार तिच्यावरून घसरते. त्यानंतर आखूड व जाड सेंटर ड्रिलने खळगा पाडावा. हे हत्यार वाकत नाही, म्हणून भटकत नाही. ड्रिलचे टोक पुढे त्याच खळग्यात बसते. मग आठ मिलिमीटरचे ड्रिल घालावे. गनमेटलसाठी मिनिटाला ३० मीटर कर्तनवेग धरला तर आठ मिलिमीटरच्या ड्रिलला सुमारे १२०० फेरे येतात. सूत्र सोपे आहे : कर्तनवेगाला १००० ने गुणून त्यास व्यास व ३.१४ यांच्या गुणाकाराने भागावे. सौम्य पोलाद असेल तर २५ मीटर धरणे बरे.

पितळ व गनमेटल यांत एक धोका असतो, तो शिकाऊ उमेदवारास प्रथमच दाखवून द्यावा. पोलादासाठी लावलेली तीक्ष्ण धार या धातूंत एकदम शिरते व ड्रिल स्वतःच पुढे ओढले जाते. भोक पलीकडे फुटण्याच्या क्षणी तर ते जॉबला हिसका देऊन चकातून उपटू शकते. म्हणून तेलाच्या दगडाने धारेची पुढची बाजू किंचित सपाट करून घेतात. मग धार खरवडते, खेचत नाही. पोलादाच्या कामासाठी वेगळी व गनमेटलसाठी वेगळी अशी ड्रिले जी कार्यशाळा ठेवते, तिला ही सपाटी पुनःपुन्हा घासून काढावी लागत नाही.

आठनंतर साडेअकरा मिलिमीटरचे ड्रिल. आडवी कड आता रिकाम्या जागेत फिरते आणि फक्त दोन्ही ओठ कापतात, त्यामुळे जोर कमी लागतो. व्यासाएवढी खोली गेली की ड्रिल बाहेर काढून चिपा झाडाव्यात. दाटलेल्या चिपा भोकाची भिंत ओरबाडतात आणि जॉब तापवितात.

येथपर्यंत भोक ११.५ च्या थोडे वर गेले असेल आणि कदाचित किंचित तिरपेही असेल. आता पुष्कळजण थेट १२ चा रीमर घालतात. घाईचे कारण समजण्याजोगे आहे. परंतु रीमरकडून येथे चुकीची अपेक्षा केली जाते. रीमर आधीच्या भोकाच्या मागे जातो. भोक तिरपे असेल तर तो तिरपेच, पण गुळगुळीत व मापाचे भोक देतो. रीमर माप व सफाई देतो. दिशा देण्याचे काम बोरिंग टूलचे. एकाच टोकाने कापणारे हे हत्यार भोकाच्या कलण्याला दाद देत नाही, ते लेथच्या अक्षाभोवतीच गोल काढते. म्हणून ११.५ वरून ११.८ पर्यंत बोरिंग टूलने यावे.

एवढ्या लहान भोकातील बोरिंग टूलचा दांडा जेमतेम आठ मिलिमीटरचा असतो आणि तो लवतो. त्यामुळे कप वाढविला तेवढे भोक वाढत नाही. शेवटच्या कपानंतर डायल न हलवता तेच टूल पुन्हा एकदा आत-बाहेर फिरवावे. लवलेला दांडा सरळ होताना उरलेला धातू काढून टाकतो. डायल वाचतानाही सावधगिरी हवी. काही लेथचा डायल त्रिज्येतील बदल दाखवितो, काहींचा व्यासातील. नव्या यंत्रावर पहिल्या दिवशी फुकट गेलेल्या कामाचे कारण बरेचदा एवढेच असते. स्क्रूमध्ये ढिलाई असते, म्हणून मापावर नेहमी एकाच बाजूने यावे; पुढे गेल्यास पुरे मागे घेऊन पुन्हा यावे.

जुन्या कातारींना अवगत असलेली एक युक्ती येथे नोंदविण्यासारखी आहे. वरची छोटी स्लाइड लेथच्या अक्षाशी ५ अंश ४४ कलांच्या कोनात वळवून ठेवली, तर ती ०.१ मिलिमीटर सरकविल्यावर टूल आडव्या दिशेने फक्त ०.०१ मिलिमीटर सरकते. ज्या डायलवर एरवी दहा हजारांश वाचणे कठीण, त्यावर ते सहज वाचता येते. त्रिकोणमितीचा हा उपयोग शाळेतील गणिताच्या शिक्षकांनीही वर्गात दाखवावा. या कोनाची ज्या जवळजवळ बरोबर एकदशांश येते.

शेवटी रीमर. त्याच्यासाठी ०.२ मिलिमीटर धातू राखला आहे. याहून फारच कमी ठेवला तर रीमर कापण्याऐवजी घासतो. फार जास्त ठेवला तर थरथरतो आणि भोक मोठे करतो. वेग ड्रिलच्या एकतृतीयांशाच्या आसपास, म्हणजे मिनिटाला दहा मीटर धरल्यास सुमारे २६५ फेरे, आणि फीड मात्र सढळ ठेवावे. रीमर उलटा कधीही फिरवू नये, त्याने धार मोडते. बाहेर काढतानाही जॉब सुलटाच फिरत असावा. तोच रीमर गनमेटलमध्ये एक माप देईल व पोलादात किंचित वेगळे देईल. त्यामुळे त्याच धातूच्या टाकाऊ तुकड्यावर आधी पाहून घेणे हेच शहाणपणाचे.

हव्या त्या मापाचा रीमर प्रत्येक लहान कार्यशाळेत असेलच असे नाही. रविवार पेठेतील बोहरी आळीत जाऊन तो आणावयाचा तर एका बुशाच्या मजुरीत त्याची किंमत बसत नाही. अशा वेळी पूर्वीचे कारागीर स्वतःच हत्यार बनवीत. सिल्व्हर स्टीलचा नेमक्या मापाचा दांडा घ्यावयाचा, त्याचे टोक अर्ध्याहून किंचित जास्त जाडी राखून कानशीने सपाट करावयाचे, लाल तापवून विझवावयाचे, गवती पिवळा रंग येईपर्यंत पुन्हा तापवून पाणी उतरवावयाचे आणि दगडावर धार लावावयाची. इंग्रजी डी अक्षरासारखा छेद असल्याने त्याला डी-बिट म्हणतात. बोरिंग करून घेतलेल्या तोंडाशी तो एकदा नीट बसला की पुढे स्वतःच्याच अंगाने सरळ जातो व दांड्याच्या मापाच्या अगदी जवळचे छिद्र देतो. हे हत्यार आता क्वचित दिसते. प्रशिक्षण संस्थेत विद्यार्थ्याकडून असा एक डी-बिट करवून घेतल्यास पोलादाचे पाणी, धार आणि माप हे तीनही विषय एका हत्यारात शिकविता येतील.

माप घेणे

छिद्र पाडण्याहून त्याचे माप घेणे अवघड आहे. व्हर्नियरचे आतील जबडे लहान भोकात विश्वासार्ह नसतात. त्यांच्या कडांना थोडी सपाटी असते. गोल भिंतीला त्या दोन बाजूंनी टेकतात आणि खऱ्या व्यासाहून कमी आकडा दाखवितात. शिवाय ०.०२ मिलिमीटर हे ज्याचे सर्वांत लहान माप, त्या साधनाने ०.०१८ ची सूट तपासणे हा हिशेबच जुळत नाही.

यासाठी प्लग गेज वापरतात. एका टोकाचा दंडगोल १२.००० चा, तो आत गेलाच पाहिजे; दुसऱ्या टोकाचा १२.०१८ चा, तो जाता कामा नये. आकडा वाचावा लागत नाही, अंदाजाला जागा राहत नाही. गेज विकत घेणे शक्य नसेल तेथे घासून अचूक केलेला डॉवेल पिन किंवा जुन्या बेअरिंगमधील रोलर मायक्रोमीटरने मोजून वापरता येतो. ड्रिलचा मागचा दांडा भोकात घालून पाहण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. तो ड्रिलच्या तोंडापेक्षा बहुधा बारीक असतो.

उष्णतेचा मुद्दा पुष्कळदा विसरला जातो. मापांसाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे तापमान प्रमाण मानले आहे. रीमर नुकताच काढलेला बुश याहून चाळीस अंशांनी गरम असेल तर गनमेटलच्या प्रसरणामुळे बारा मिलिमीटरचे भोक सुमारे नऊ हजारांशांनी मोठे झालेले असते. आपली निम्मी सूट केवळ उष्णतेने खाल्ली! गरम असताना गेज सुखाने आत जातो, आणि संध्याकाळी तोच बुश पिनेवर चढत नाही. जॉब हाताला थंड लागेपर्यंत थांबणे हा यावरील बिनखर्चाचा उपाय आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. बुश घरात दाबून बसविला की तो आकसतो. बाहेरचा व्यास घराहून तीस हजारांशांनी मोठा ठेवला असेल, तर पातळ बुशाचे छिद्र जवळजवळ तेवढेच लहान होते. लेथवर अगदी अचूक केलेले छिद्र बसविल्यावर अचूक राहिलेले नसते. म्हणूनच पुढच्या चाकांच्या किंगपिनसारख्या ठिकाणी, जेथे जुन्या पद्धतीचे बुश असतात तेथे, ते मुद्दाम लहान ठेवून आधी बसवितात आणि वरच्या-खालच्या दोन्ही बुशांतून एकच लांब रीमर फिरवितात. छिद्र जेथे काम करणार, तेथे ते बरोबर असले पाहिजे. कातारी व जोडारी यांनी बुश करण्यापूर्वी एकमेकांशी बोलणे यासाठी आवश्यक असते. दोघांचे विभाग वेगळे असतील तर हे बोलणे नेमके राहून जाते.

स्वारगेटपासून गावच्या पंपापर्यंत

हा विषय केवळ मोटारींपुरता नाही. जालना व सोलापूर येथे तयार झालेल्या हातपंपांच्या अनुभवातून १९७० च्या दशकात इंडिया मार्क २ हा पंप आकारास आला आणि पुढे देशभर पसरला. त्याच्या मुठीच्या आसाला ६२०४ क्रमांकाची दोन बेअरिंगे असतात : आतील व्यास २०, बाहेरील ४७ आणि रुंदी १४ मिलिमीटर. बेअरिंग ज्या घरात बसते त्याचे छिद्र मोठे झाले तर बेअरिंगचे बाहेरचे कडेच घरात फिरू लागते. मग कितीही नवी बेअरिंगे घातली तरी मूठ लवकरच पुन्हा डुगडुगते. अशा पंपाची दुरुस्ती करून घेताना ग्रामपंचायतीने बेअरिंगबरोबर घराचे छिद्रही मोजून घेण्यास सांगावे.

छिद्राच्या अचूकपणावर यंत्राचे भवितव्य ठरल्याचे इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनाचे आहे. कल्पना उत्तम होती, पण दट्ट्या व सिलिंडर यांच्यामधून वाफ निसटत असे. जॉन विल्किन्सनने १७७४ मध्ये तोफा पोखरण्याच्या नव्या यंत्राचे पेटंट घेतले, त्याच विद्येचा पुढे सिलिंडरसाठी उपयोग केला आणि १७७६ पासून वॅटची इंजिने व्यवहारात चालू लागली.

प्रशिक्षण व खरेदी

देशात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने संस्थेतील शिक्षणास कारखान्यातील अनुभवाची जोड मिळाली. आता संगणकीय लेथ आले आहेत आणि हजार बुश एकसारखे काढण्यात त्यांची बरोबरी हाताच्या लेथला करता येणार नाही. परंतु त्या यंत्रासही कोणत्या मापाचे ड्रिल, किती धातू राखावयाचा, कोणता वेग, हे माणसानेच सांगावे लागते. आणि ते ज्ञान हाताच्या लेथवर, हात काळे करून, लवकर येते. कातारी व्यवसायाच्या निदेशकांनी बाहेरच्या व्यासाइतकेच गुण आतील छिद्रास द्यावेत आणि ते व्हर्नियरने नव्हे, गेजने तपासावे. छिद्र गुळगुळीत करण्यासाठी बोटाभोवती पॉलिश पेपर गुंडाळून फिरत्या जॉबमध्ये घालण्याची सवय दिसल्यास ती त्याच क्षणी थांबवावी. या सवयीत बोट गमावण्याचा धोका असतो. लेथवर हातमोजे व लांब बाह्याही नकोत.

खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती तर याहून सोपा उपाय आहे. मागणीपत्रात ‘गनमेटल बुश, भोक १२ मि.मी.’ असे लिहिले, तर ११.९ चा आणि १२.२ चा असे दोन्ही बुश लिहिलेल्याप्रमाणेच ठरतात व परत करण्यास आधार राहत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘गनमेटल बुश, बाहेरील व्यास १८ मि.मी., लांबी २५ मि.मी., छिद्र १२ एच ७. आतील व बाहेरील गोल एकाच पकडीत केलेले. तपासणी सामान्य तापमानास प्लग गेजने.’ बुश दाबून बसवावयाचा असेल तर बाहेरील व्यासाची मर्यादाही लिहावी आणि छिद्र बसविण्यापूर्वीचे की नंतरचे, हे स्पष्ट करावे. भांडारात माल घेणाऱ्या कर्मचाऱ्याजवळ तो गेज असावा, आणि वापरल्यावर तो पुसून, तेलाचा हात फिरवून डबीत ठेवावा. खाली पडलेला गेज मायक्रोमीटरने पुन्हा मोजल्याशिवाय वापरू नये.